दोराच्या खालच्या टोकाला

माझे यजमान झाडं उतरवायचे. लोक त्यांना झाडं तोडणारे म्हणत, पण तो शब्द त्यांना आवडत नसे. मोकळ्या रानात बुंध्यावर कुऱ्हाड चालवून बाजूला व्हायचं, ते तोडणं, असं ते म्हणायचे. आमच्या वाट्याला येणारी झाडं रानातली नसत. एका अंगाला घराची कौलं, दुसऱ्या अंगाला शेजाऱ्याची विहीर, डोक्यावरून विजेची तार, आणि मधल्या चिंचोळ्या जागेत उभं असलेलं झाड. ते शेंड्यापासून सुरू करून, एकेक तुकडा दोराला बांधून खाली आणायचं. खाली गुलाबाच्या कुंडीलाही धक्का लागता कामा नये, असा त्यांचा हट्ट असे.

आम्ही बंगळूरचेच. किती पिढ्यांपासून, ते घरात कुणालाच नीट सांगता यायचं नाही. घरात मराठी बोलायचो, पण त्या मराठीत निम्मी कन्नड. सासरे एका मोठ्या बागेत माळी होते. जुन्या झाडांच्या फांद्या दोराने उतरवायचं काम ते तिथे शिकले आणि दोन्ही मुलांना त्यांनी ते शिकवलं. थोरले म्हणजे माझे यजमान. ते झाडावर असत. धाकटे माझे दीर. ते जमिनीवर, दोराच्या खालच्या टोकाला.

खालचं टोक म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण पुढे ते माझ्या हातात आलं. दोर वर एखाद्या मजबूत बेचक्यातून घेऊन खाली सोडतात. खाली एखाद्या बुंध्याला त्याचे वेढे देतात आणि टोक हातात धरतात. वरचा तुकडा कापला गेला की त्याचं वजन दोरावर येतं. वेढे ते पेलतात. हाताने फक्त दोर सोडत जायचं, बेताबेताने. एकदम सोडला तर तुकडा खाली आदळतो. घाबरून घट्ट धरून ठेवला तर तो झोका घेतो आणि वरच्या माणसावर जातो. वर चढलेल्या माणसाचा जीव असा खालच्याच्या मुठीत असतो.

लग्नानंतर काही वर्षांनी दिरांना सरकारी कारखान्यात नोकरी लागली. पहिल्या दिवशी यजमान स्वतः त्यांना फाटकापर्यंत सोडून आले. महिन्याच्या महिन्याला पगार, रविवारची सुट्टी, वर चढायचं नाही की पडायचं नाही. भावाने हे सोडून आपल्याबरोबर राहावं असं त्यांच्या मनात आलं असेल, तरी ते बोलले नाहीत. त्यानंतर खाली उभे राहायला जे जे आले ते टिकले नाहीत. एकाने तर दोर धरला असताना विडी पेटवली. त्या संध्याकाळी यजमान जेवायला बसले, पण त्यांचं ताटाकडे लक्षच नव्हतं.

मी म्हटलं, "मी धरते."

ते हसले नाहीत.  दुसऱ्या दिवशी परसातल्या फणसाच्या फांदीवरून त्यांनी दोर टाकला, त्याला जुनं दगडी उखळ बांधलं आणि बरोबर त्याच्या खाली एक मडकं पालथं घातलं. उखळ मडक्यावर टेकवायचं, मडकं फुटू द्यायचं नाही. सासूबाई ओट्यावर बसून बघत होत्या. त्या दिवसांत आमच्या घरात पाणी भरायला मडकं उरलं नव्हतं. शेवटी एकदा उखळ मडक्यावर अलगद टेकलं. सासूबाई उठून आत गेल्या आणि माझ्या तळहातांना लावायला एरंडेल घेऊन आल्या. त्यांची परवानगी मला तेवढीच मिळाली.

अशी मी कामाला लागले. पदर कमरेला खोचून दोर धरून उभी राहिले की बघायला गर्दी जमे. कुणी हसे, कुणी यजमानांना नावं ठेवी. वरून त्यांचे दोनच शब्द येत, "सोड" आणि "धर". इतर माणसांशी ते कामाचं कन्नडमधून बोलत, माझ्याशी मराठीतून. त्यामुळे गलका कितीही असला तरी आपला शब्द कुठला ते मला कळे.

त्या वर्षांत गाव झपाट्याने दाटत होतं. जयनगरकडे नव्या आखीव वस्त्या उभ्या राहत होत्या, आणि जुन्या भागांत भावाभावांत वाटण्या होऊन एकेका आवारात तीन तीन घरं निघत होती. झाडं होती तिथेच राहिली, भिंती मात्र त्यांच्याजवळ सरकल्या. आमच्यासारख्यांना काम वाढायला हवं होतं. वाढलंही असतं. पण लाकडाच्या वखारी होत्या. वखारवाले सायकलवरून माणसं पाठवत. एक कुऱ्हाड, एक जुना दोर. मजुरी मागायची नाही, पडेल ते लाकूड घेऊन जायचं. फुकटात झाड निघत असताना आम्हाला कोण बोलावणार? चार कौलं फुटली, कुंपणाची भिंत खचली, तरी लोक चालवून घेत. यजमान पाहणी करून यायचे, दोर तपासून ठेवायचे, आणि मग कळायचं की ते झाड वखारवाल्यांनी पाडलं. दिवाळीच्या आधीचे काही महिने तर आम्ही एकाही झाडाला हात लावला नाही. मी चिडायचे. ते म्हणायचे, त्यांनाही पोट आहे.

त्याच सुमारास बसवनगुडीतल्या एका बोळातून बोलावणं आलं. घरमालक निवृत्त गृहस्थ होते. त्यांच्या कुंपणालगत निलगिरीची दोन उंच झाडं शेजारी शेजारी उभी होती. त्यातलं एक शेजाऱ्याच्या नव्या गच्चीवर कललं होतं आणि वारा सुटला की शेजारी भांडायला येत. यजमानांनी झाड खालून वरपर्यंत निरखलं. कललेलं निलगिरीचं झाड दगाबाज असतं, त्याचं लाकूड उभं फाटतं, असं सांगून त्यांनी काही दिवस मागितले. मालक "सरी", म्हणजे बरं, म्हणाले. पण पुढे निरोप आला नाही, तेव्हा आम्ही काय ते समजलो.

मग एका सकाळी त्या घरमालकांचा भाडेकरू सायकल दामटत आमच्या दारात आला. त्याला धाप लागली होती. झाडावर माणूस अडकलाय, एवढंच तो पुन्हा पुन्हा सांगत होता.

आम्ही दोर घेऊन धावलो. बोळ माणसांनी भरला होता. वखारवाला भिंतीला टेकून उभा होता आणि त्याची दोन माणसं वर बघून हाका मारत होती. काय झालं ते वर पाहताच समजलं. त्यांच्यातला एक जण अर्ध्या उंचीवर चढून, स्वतःला बुंध्याशी दोराने बांधून शेंडा कापत होता. ज्या बाजूला झाड कललं होतं, तिकडून आधी खाच घ्यायला हवी होती. ती न घेता त्याने मागूनच कुऱ्हाड चालवली. शेंडा पुरता सुटायच्या आधीच ओणवला आणि खोड मधोमध वरून खाली उभं फाटत गेलं. त्याच्या कमरेचा दोर त्या फाटलेल्या खोडाभोवतीच होता. खोड उघडलं तसा दोर आवळत गेला. शेंडा चार तंतूंवर लोंबत होता आणि तो माणूस त्या दोरात, झाडाला चिकटून.

यजमानांनी एकच विचारलं, तो बोलतोय का. मघापर्यंत बोलत होता, असं त्याचे सोबती म्हणाले. आगीच्या बंबाला निरोप गेला होता, पण बोळात बंब शिरला नसता, आणि वाट बघण्याइतका वेळ त्या माणसाकडे नव्हता.

ते शेजारच्या, धडधाकट निलगिरीवर चढले. उंचावरच्या बेचक्यातून त्यांनी दोर घेतला. मी खाली त्याच झाडाच्या बुंध्याला वेढे दिले. मग ते फाटलेल्या झाडाकडे झुकले आणि फट आणखी उघडू नये म्हणून आधी त्या खोडाला वर आणि खाली घट्ट बांधून घेतलं. नंतर आमचा दोर त्या माणसाच्या काखांखालून घेऊन गाठ मारली. हे सगळं त्यांनी नेहमीच्याच चालीने केलं. मला खाली उभं राहून ते फार सावकाश वाटत होतं. शेवटी त्यांनी कोयत्याने त्याच्या कमरेचा दोर कापला.

"धर," ते म्हणाले. आणि मग, "सोड. हळू सोड."

लाकडाचं वजन मुकं असतं. एकदा दोरावर आलं की ते तसंच राहतं. माणसाचं तसं नसतं. तो श्वास घेत होता आणि ते मला दोरात कळत होतं. मध्येच त्याने पाय झाडले, तेव्हा माझ्या मुठीत दोर थरथरला. मी वर बघितलं नाही. हातांकडेच बघत राहिले आणि दोर सोडत गेले, त्याच्या सोबत्यांनी त्याला खाली झेलून घेईपर्यंत.

तो तरुणच होता. सकाळी कपाळाला लावलेल्या विभूतीची बोटं अजून पुसली नव्हती. त्याने "नीरु" म्हणून पाणी मागितलं. पोटाला मार लागलेल्या माणसाला पाणी देऊ नये, असं गर्दीतलं कुणीतरी म्हणालं. मी पदराचं टोक भिजवून त्याच्या ओठांना लावलं. कुणाच्या तरी घरातल्या बाजेवर घालून त्याला बोळाबाहेर नेलं, तिथून मोटारीने इस्पितळात.

यजमान खाली उतरले नाहीत. लोंबणारा शेंडा कधीही गच्चीवर आला असता. त्या दुपारी आम्ही तो तुकड्यातुकड्याने उतरवला आणि मग उरलेलं झाडही. वखारवाल्याची माणसं न सांगता तुकडे उचलून बाजूला लावत होती.  मालकांनी कॉफी पाठवली, ती कट्ट्यावर तशीच गार झाली.

दुसऱ्या दिवशी कळलं की तो माणूस गेला.

यजमान वखारवाल्याला घेऊन त्या गेलेल्या माणसाच्या घरी जाऊन आले. गावाबाहेरच्या एका वस्तीत खोली होती. बायको होती, पाळण्यात मूल होतं.  परत आल्यावर काही दिवस यजमान परसात बसून दोर तपासत राहिले, तपासलेलेच पुन्हा. मग एका संध्याकाळी मला म्हणाले की वखारीतल्या माणसांना रविवारी आपल्या घरी बोलावणार आहेत. खाच कशी घ्यायची, दोर कसा लावायचा, हे त्यांना शिकवणार आहेत. वखारवाल्याशी बोलणं झालं होतं. तोही हादरला होता.

माझा संताप झाला. त्या महिन्यांत घर कसं चाललं होतं ते माझं मला माहीत होतं. सासूबाईंच्या औषधात मी कपात केली होती, ते मी यजमानांना सांगितलंही नव्हतं. मी म्हटलं, "त्यांनी आपली चूल थंड केली. आपल्याकडे होती ती एक विद्या, तीसुद्धा आता त्यांनाच देणार?"

त्यांनी हातातला दोर खाली ठेवला. मग म्हणाले, "अगं, तो आपलं काम घ्यायला वर चढला होता. मरायला नव्हता चढला."

ते खरं होतं. पण खरं आहे म्हणून राग जातो असं नाही. पहिल्या रविवारी मी स्वयंपाकघराबाहेर आले नाही. माणसं आली, फणसाखाली बसली, यजमान त्यांना कन्नडमधून समजावत होते. आतून मला सगळं ऐकू येत होतं. पुढच्या रविवारी निम्मे आले. त्यानंतर बोळात हाका मारणाऱ्या दोघांपैकी एक जणच नियमाने येऊ लागला.

यजमानांनी त्याच्या हातात दोराचं खालचं टोक दिलं. ते त्याला जमेना. तो हिसक्याने सोडायचा, हिसक्याने धरायचा. यजमान तोंडाने सांगत होते, पण त्यांचं सगळं आयुष्य वरच्या टोकाला गेलं होतं. खाली हाताला काय कळतं, ते त्यांना सांगता येत नव्हतं. मी खिडकीतून बघत होते. एकदा दोर त्याच्या मुठीतून सर्रकन सुटला. वर कुणी नव्हतं, नुसतं उखळ होतं. तरी मी हात पुसत बाहेर गेले आणि त्याच्या हातातून दोर घेतला.

"असं नाही," मी म्हटलं. "बोटं मोकळी ठेव. वजन वेढ्यांना घेऊ दे."

त्याने मान हलवली. "सरी अक्का," म्हणाला.

त्यानंतरचे रविवार मीच त्याला शिकवलं. शिकवताना मी त्याच्याशी फार गोड वागले असं नाही. पण तो शिकला, आणि चांगला शिकला.

मला ज्याची भीती होती तेच पुढे झालं. तो वखार सोडून स्वतःच्या जोरावर कामं घेऊ लागला. त्याने आणखी दोघांना तयार केलं, आणि जयनगरकडची बरीचशी अडचणीतली झाडं त्यांच्याकडे गेली. आमच्याकडे उरली ती जुन्या ओळखीतली. वखारवाल्यांची इतर माणसं तशीच न शिकता चढत राहिली, आणि मधूनमधून कोण कुठे पडला ते कानावर येई. यजमानांनी काही सगळं शहर सुधारलं नाही. पुढे त्यांचा खांदा गेला. मग त्यांनी एका रोपवाटिकेत नोकरी धरली आणि मोठ्या झाडांवर चढणारा माणूस वीतभर रोपांना पाणी घालू लागला. तिथे ते नाराज होते असं मला कधी वाटलं नाही.

यजमान वारल्यावर भेटायला आलेल्यांत मी शिकवलेला तोही होता. केस पिकले होते. बराच वेळ बसला. उठताना म्हणाला की इतक्या वर्षांत त्याच्या झाडांवरून एकही माणूस पडला नाही. मी त्याच्या तळहातांकडे बघितलं. दोराने पडणारे घट्टे होते, बोटांच्या मुळाशी, जिथे पडायला हवेत तिथेच.

मी यजमानांना कधी म्हटलं नाही की तुमचं बरोबर होतं. ते वर्ष आठवलं की सासूबाईंची पुरवून पुरवून अर्धी ठेवलेली औषधाची बाटली अजून डोळ्यांसमोर येते, आणि तो राग खोटा होता असं मला आजही म्हणवत नाही.