जागा संपली होती

बॉनच्या विद्यापीठात मी जुनी पत्रं वाचून उतरवून काढायची नोकरी करते. सध्या हातात आहेत ती व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या एका लंडनच्या औषध कंपनीच्या दोन भागीदारांची. एक कारखान्यात खोकल्याच्या गोळ्या करायचा, दुसरा जर्मनीभर त्या विकत हिंडायचा. गोळ्या दमट झाल्या, बुचं गळतात, तुमचं लेबल इथे कुणाला वाचता येत नाही, नुसती कटकट. पण सुरुवातीचं 'माय डिअर' कधी चुकलं नाही. मग एका पत्रावर कोरडं 'डिअर सर' आलं. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

कारण आमच्या घरी हेच होतं. मिरजेला बाबांचा आणि काकांचा काढ्याचा कारखाना. काका सख्खे नव्हेत, भागीदार. पण म्हणायचं काकाच. ते विदर्भात फिरतीवर, बाबा भट्टीपाशी. आठवड्याला दोन अंतर्देशीय पत्रं. घरभर अडुळशाचा वास, बोटांना लेबलांची खळ, आणि काकांचं पत्र आलं की बाबा ते उभ्यानेच वाचायचे. काय दिवस होते. अजून आठवले की जीव कासावीस होतो.

मग काकांनी एकाएकी अंग काढून घेतलं. का, ते बाबांना कळलं नाही. विचारायला ताठा आड आला. दोघांचाही.

या उन्हाळ्यात बाबा माझ्याकडे आले. जेवताना मी त्यांना 'डिअर सर'ची गोष्ट सांगितली. ते म्हणाले, "आमच्यात तर भांडणसुद्धा झालं नव्हतं. बाटल्या फुटल्या म्हणून मी एकदा जरा तिखट लिहिलं, एवढंच. शेवटी 'लोभ असावा' होतंच की."

माझा घास हातातच राहिला. ते पत्र माझ्या हातचं होतं. मी तेव्हा कॉलेजात, अक्षर बरं, म्हणून बाबा सांगायचे आणि मी लिहायची. त्या दिवशी ते खाली आधीच सही करून भट्टीकडे गेले होते. मैत्रिणी फाटकात ताटकळत होत्या आणि सहीच्या वर एकाच शब्दाची जागा उरली होती. मी 'कळावे' लिहिलं, 'लोभ असावा ही विनंती' गाळलं, डिंक लावला आणि पळाले. परक्यांच्या पत्रातलं मला लगेच दिसलं, आणि स्वतःचं इतकी वर्षं दिसलं नाही. धन्य माझी.

मी सगळं सांगून टाकलं. रडलेही. बाबांनी ताट बाजूला सारलं. मग म्हणाले, "कागद आण." मी पेनही उचललं, तर त्यांनी ते काढून घेतलं. "तू नको. तुला घाई असते."

तीन आठवड्यांनी माझ्या फोनवर काकांचा आवाज आला. पत्रात बाबांनी नंबर दिला होता. हॅलो नाही, ख्यालीखुशाली नाही.

"जागा संपली होती होय गं?" काका म्हणाले. "मला वाटलं, लोभ संपला."

मी फोन बाबांना दिला. त्यांनी तो उभ्यानेच घेतला.