माहेरचा एसी

आमच्या गल्लीत सगळ्यात आधी एसी आला तो शेजारच्या दुर्गाबाईंकडे, आणि आला त्या दिवसापासून माझा त्याच्यावर राग आहे. थंड हवेवर नाही. माझं शिलाई मशीन पत्र्याखाली आहे. जालन्याच्या मे महिन्यात पत्र्याखाली बसणाऱ्या बाईला थंड हवेशी कशाला वाकडं असेल? राग आहे तो त्याच्या नावावर. त्या घरात त्याला नुसतं एसी कोणी म्हणत नाही. तृप्तीच्या माहेरचा एसी म्हणतात.

तृप्ती ही दुर्गाबाईंची सून, हसनाबादची. लग्नात तिच्या वडिलांनी, मच्छिंद्रअण्णांनी, पलंग-कपाटाबरोबर एसी दिला. आम्ही मागितला नव्हता, असं दुर्गाबाई आजही शपथेवर सांगतात. बोलता बोलता एवढंच म्हणाल्या होत्या की आमच्या समोरच्या खोलीत फार उकडतं. एसी त्याच खोलीत लागला. दुपारी दुर्गाबाई त्याच्याखाली आडव्या होतात, संध्याकाळी टीव्ही बघतात. त्याचं बाहेरचं यंत्र मात्र स्वयंपाकघराच्या खिडकीशी टांगलं, कारण नळी तिथून जवळ पडत होती. म्हणजे थंड हवा सासूला आणि गरम हवा सुनेला. तृप्तीने ती खिडकी लावून घेतली ती घेतलीच.

दुसऱ्या उन्हाळ्यात एसी थंड करेना. दुर्गाबाईंनी सुनेला हाक मारली.

"तृप्ती, अण्णाला फोन लाव. म्हणावं एसी बिघडला, काय खर्चा येईल तो बघा."

ही आमच्याकडची रीत. कुठे लिहिलेली नाही, पण मोडायची कोणाची छाती नाही. माहेरहून आलेली वस्तू वापरायची सासरने आणि दुरुस्त करायची माहेरने. त्याच घरातला फ्रिज बिघडला तेव्हा कोणी कोणाला फोन केला नव्हता; तो तृप्तीच्या नवऱ्याने, कल्याणने घेतलेला. कल्याण वाईट नाही हो. स्टीलच्या कारखान्यात पाळी करतो, घरी येऊन जेवतो आणि आईच्या शब्दाबाहेर जात नाही. असल्या चांगल्या माणसांचा मला जास्त राग येतो.

तृप्ती फोन घेऊन आत गेली आणि तिने तो लावलाच नाही. लग्नात अण्णा किती ओढाताणीने उभे राहिले ते तिने पाहिलेलं. बाहेर येऊन म्हणाली, "अण्णा पैसे पाठवून राह्यलेत." आणि संध्याकाळी माझ्या दारात.

"सत्यशीलाकाकू, फॉल लावायला साड्या देता का? कशासाठी ते मात्र घरी सांगू नका."

अण्णांच्या कानावर एसीचं नाव पुन्हा जाऊ नये, एवढीच तिची धडपड. मी साड्या दिल्या.

पहिला मिस्त्री आला, गॅस संपला म्हणाला, भरला आणि अडीच हजार घेऊन गेला. महिना गेला नाही तोच पुन्हा गरम हवा. मग भागवत नावाचा दुसरा आला, तेव्हा कळलं की गॅस काही पेट्रोलसारखा जळून संपत नाही. कमी झाला म्हणजे नळीत कुठेतरी गळती असते. आधी ती शोधून बुजवायची, मग भरायचा. पहिल्याने नुसताच भरला होता. म्हणजे तेवढ्या साड्यांचे फॉल हवेत गेले.

पुढे ती शहाणी झाली. मिस्त्रीला बोलवायच्या आधीच नुसतं येऊन बघायचे किती घेणार ते विचारायची. बदललेला भाग हातात मागून घ्यायची. जाळी स्वतः धुवायची, कारण धुळीनेच अर्धे आजार होतात. एकदा एकजण बोर्ड जळाला म्हणून पाच हजार सांगून गेला. हिने भागवतला दाखवलं तर चारशेचा कॅपॅसिटर निघाला. बी.कॉम. झालेली पोरगी, नोकरी करून चार पैसे कमावले असते; पण तिच्या डोक्यात या लोकांनी कॅपॅसिटर भरून ठेवला.

मी तिला म्हटलं, "सांगून टाक ना एकदा, माझ्या पैशाने होतंय म्हणून."

"मंग विचारतील, अण्णा देऊन न्हाई राह्यले का? बोल त्यांनाच लागतील, काकू."

तिचं खोटं इतकं बेमालूम जमलं की दुर्गाबाई गल्लीभर सांगत फिरू लागल्या, व्याही असावा तर असा, शब्द टाकला की पैसे हजर. माझ्याच दारात उभ्या राहून हे सांगत होत्या तेव्हा माझ्या तोंडात टाचण्या होत्या, म्हणून वाचल्या.

या एप्रिलमध्ये एसी पार बंद पडला. भागवतने उघडून बघितलं आणि कॉम्प्रेसर गेला म्हणाला. कॉम्प्रेसर, गॅस, मजुरी धरून पंधरा हजारांच्या घरात. "ताई, सहा वर्षांच्या जुन्या मशीनमध्ये एवढे घालण्यापेक्षा नवा घेतलेला बरा," असंही म्हणाला. तृप्तीने सासूकडे आठ दिवस मागितले. एवढे फॉल ती आठ महिन्यांतही लावू शकली नसती, पण मागितले.

दुर्गाबाई थांबल्या नाहीत. त्यांनी स्वतःच अण्णांना फोन लावला, तोही स्पीकरवर. तृप्ती पिठाच्या हातांनी दारात उभी.

"भाऊ, तुमचं कौतुक करावं तेवढं थोडं. गेल्या साली पैसे पाठवले, त्याच्या आदल्या साली पाठवले, कधी कुरकुर न्हाई. या बारीला जरा मोठं काम निघालं बघा."

आता अण्णा विचारणार, कसले पैसे? आणि आपण या घरात जन्माच्या खोट्या ठरणार, असं तिला वाटलं.

"व्हय," अण्णा म्हणाले. "पाठवत व्हतो ना. लेकीचं घर हाय ते. बघतो मी."

त्या संध्याकाळी ती साड्या न घेता आली आणि मशीनजवळ बसून ढसाढसा रडली. "काकू, अण्णांना सगळं समजलं. समजलं आणि माझ्यासाठी ते खोटं बोलले." मी नुसता तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

चार दिवसांनी गल्लीत टेम्पो आला. ड्रायव्हरच्या शेजारून अण्णा उतरले, हातात मोसंबीची पिशवी, मागे नवा एसी. एरवी ते मोटारसायकलवर यायचे. दुर्गाबाईंनी विचारलंच, "गाडी कुठं हाय, भाऊ?"

"देऊन टाकली एकाला. आता डोळे साथ देत न्हाईत."

मोसंबीची पिशवी माझ्या हातात देऊन त्यांनी चिठ्ठीवरचा बारीक नंबर वाचून बसवणाऱ्याला फोन लावला. चष्मा नव्हता. डोळे चांगले ठणठणीत होते.

एसी बसला. दुर्गाबाईंनी लगेच अंगावर चादर ओढली. अण्णा पाणी प्यायला स्वयंपाकघरात आले. मी तिथेच चहाला हातभार लावत होते.

"बाई, आता बिलकुल चिंता करू नको," ते हळूच लेकीला म्हणाले. "दहा वर्षांची वारंटी हाय. दहा वर्षं तुला एक पैसा घालायचा न्हाई." मग गळ्याचा घाम पुसत म्हणाले, "इथं एवढं उकडून राह्यलं, खिडकी का लावली?"

"धूळ येते, अण्णा. असू द्या."

ते एसटीने परत गेले.

दुसऱ्या दिवशी तृप्ती नेहमीच्या वेळी माझ्याकडे हजर. मी चिडवलं, "आता कशाला आलीस बाई? दहा वर्षं सुट्टी की तुला!"

ती हसली नाही. खाली बसून तिने सुईत दोरा ओवला.

"बसवणाऱ्याला मी विचारून घेतलं, काकू. दहा वर्षं नुसत्या कॉम्प्रेसरची. गॅस, बोर्ड, मोटर, सगळ्याची एकच वर्ष."

"अण्णांना सांगितलंस?"

"न्हाई." तिने साडी मांडीवर ओढून घेतली. "उद्यापासून दोन साड्या जास्त देत जा."