सापिणीचं बाळंतपण

लेक पुण्याला कॉलेजला गेली आणि तिचे दोन साप माझ्या गळ्यात पडले. विषारी नव्हेत, कॉर्न स्नेक; केशरी अंगावर तांबडे ठिपके, स्वभावाने अगदी गरीब. तरी साप तो सापच. दुकानदाराने दोन्ही माद्या आहेत असं ठामपणे सांगितलं होतं, त्यामुळे मला सोपं जावं म्हणून लेकीने जाताना दोघींना एकाच मोठ्या काचेच्या पेटीत ठेवलं. सुरुवातीला मी चिमट्यात उंदीर धरून तोंड भिंतीकडे वळवायची. हळूहळू सवय झाली. पुढे पुढे भाजी चिरताना मी त्यांच्याशी बोलायलाही लागले. नवरा दिवसभर बंदरावरच्या टर्मिनलवर असायचा. दुबईपासून दूर, समुद्राकाठच्या या फुजैरात दुपारी दुसरं बोलायला होतं कोण?

उन्हाळा सुरू होता होता एकीने खाणं सोडलं. अंग जड झालं, पोटाशी गाठीगाठी दिसायला लागल्या. मला वाटलं, दुखणं आहे. दुबईतल्या प्राण्यांच्या डॉक्टरची वेळही घेतली. पण त्याआधीच एका सकाळी पेटीतल्या ओल्या शेवाळाच्या डब्याचं झाकण उचललं, तर आत पांढरी, लांबट, एकमेकांना चिकटलेली डझनभर अंडी! आणि त्यांच्याभोवती वेटोळं घालून ती दमून पडलेली.

मी लेकीला व्हिडिओ कॉल लावला. ती आधी किंचाळली, मग हसत सुटली. "आई, दॅट मीन्स दुसरा मेल आहे! त्याला लगेच वेगळा ठेव. आणि अंडी अजिबात उलटी करू नकोस. जशी आहेत तशीच उचल, नाहीतर आतलं पिल्लू मरेल."

"मी उचलू?"

"मग कोण? बाबा?"

बाबा दारातूनच बघत होते. "हे काय घरात ठेवायचं?" एवढंच म्हणाले, पण संध्याकाळी नर्सरीतून कुंड्यांना घालतात ती भुरभुरीत, ओल धरून ठेवणारी माती मात्र आठवणीने घेऊन आले. साताऱ्याहून सासूबाईंचा फोन आला, तर त्या घाबरायच्या सोडून म्हणाल्या, "अगं, बाळंतीण आहे ती. खायला घाल आधी." मी घातलं. तिने अधाशासारखं खाल्लं, आणि माझा अर्धा जीव तिथेच भांड्यात पडला.

अंड्यांना अठ्ठावीस अंशांच्या आसपासची ऊब लागते. एसीच्या खोलीत गारठा आणि बाल्कनीत भट्टी. शेवटी कपड्यांच्या कपाटाचा खालचा कप्पा जमला. एका डब्यात ती माती भरून अंडी जशीच्या तशी ठेवली, शेजारी थर्मामीटर. दिवसातून किती वेळा कपाट उघडायची, विचारू नका.

ऐन जुलैत, दोन महिने होत आलेले असताना, आमच्या इमारतीचा एसी बंद पडला. दुरुस्तीवाला म्हणाला, "उद्या होईल, इन्शाल्ला." दुपारपर्यंत कपाटातला काटा बत्तीसच्या पुढे सरकला. मी नवऱ्याला फोन केला, "अहो, आत्ताच्या आत्ता या." तो खरंच आला. माझी एक मैत्रीण, मूळची रत्नागिरीची, किनाऱ्याने वर दिब्बा गावात राहते. एसी सुरू होईपर्यंत डबा तिच्याकडे ठेवू का, असं विचारलं तर म्हणाली, "अंडीच आहेत ना गं अजून? मग आण. पिल्लं निघाली तर मात्र मी माहेरी जाईन."

डबा छातीशी धरून मी नवऱ्याबरोबर लिफ्टमधून उतरले. वॉचमनने विचारलं, "मॅडम, डब्बे में क्या है?"

"अंडे."

"तो गाडी आराम से चलाना, साब."

साहेबांनी आयुष्यात एवढी हळू गाडी चालवली नसेल. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला उघडे डोंगर, मागून हॉर्न, आणि प्रत्येक स्पीडब्रेकरला मी डबा अधांतरी धरलेला. मैत्रिणीने सामानाची खोली रिकामी करून ठेवली होती. तिथे तापमान जमलं. एसी सुरू झाल्यावर तसंच जपत डबा घरी आणला.

दोन दिवसांनी बघते तर अंडी पिचकलेली. टपोरी होती ती, आता त्यांना खड्डे पडलेले. गाडीत धक्का बसला असेल, नाहीतर त्या उकाड्यानेच गेली असतील. लेकीचा पेपर चालू होता, तिला सांगायचं धाडस होईना. नवरा जवळ येऊन बसला. म्हणाला, "तू केलंस ना सगळं? मग झालं." पण त्याचाही आवाज पडला होता.

दुपारी पेपर देऊन लेकीचाच फोन आला. रडत रडत सांगितलं, तर ती म्हणाली, "आई, कॅमेरा दाखव." बघितलं आणि ओरडली, "अगं, निघायच्या आधी अशीच होतात! इट्स नॉर्मल! रडू नको, वाट बघ!"

दुसऱ्या दिवशी सकाळी एका अंड्याला ब्लेडने मारावी तशी बारीक चीर पडली होती. त्यातून नखाएवढं डोकं बाहेर आलं, जीभ लवलवली, आणि माझ्याकडे बघत ते तसंच बसून राहिलं. मी खाली फरशीवर बसले आणि मोठ्याने हसायला लागले. संध्याकाळपर्यंत चार डोकी झाली. दोन अंडी वाया गेली. बाकीची सगळी निघाली.

पिल्लांनी पहिली कात टाकली, मग एकेक करून खायलाही लागली. फक्त एक, सगळ्यात बारकं, तोंड लावेना. आठवडाभर मी त्याच्यामागे लागले. शेवटी डब्यावर फडकं टाकून बाजूला झाले. थोड्या वेळाने बघते तर उंदराचं इवलंसं पिल्लू नाहीसं, आणि ह्याचं पोट फुगलेलं. नवऱ्याला फोन केला. तो मीटिंगमध्ये होता. कुजबुजत विचारलं, "काय झालं?"

"खाल्लं त्याने."

"खाल्लं? खलास, झालं काम! आता तू पण जेव."

भात कधीचाच गार झाला होता. तसाच, उभ्याउभ्या, पोटभर जेवले.