कापणीच्या सणातलं कडू संत्रं

त्या बाईंचं नाव मला आजही माहीत नाही, पण कापणीचा सण आला की चर्चच्या दारातच माझी नजर त्यांना शोधू लागते!

आष्टीच्या आमच्या लहानशा चर्चमध्ये त्या दिवशी शेतातलं पहिलं पीक देवापुढे ठेवतात. ढोलक, टाळ्या, झेंडूच्या माळा, नुसती धमाल! त्यात एका वर्षी मंडळीतल्या एका भाऊंनी टोपलीभर संत्री आणली, तीही झाडाखाली गळून पडलेली. चांगली त्यांनी व्यापाऱ्यासाठी झाडावर राखून ठेवली होती. कोणी विचारायच्या आधीच ते म्हणाले, "देव काई फळं खाते का? तो मन पाह्यते." दोघातिघांनी माना डोलावल्या.

हिंगणीहून पाहुण्या म्हणून आलेल्या त्या म्हाताऱ्या बाई टोपलीशेजारीच बसल्या होत्या. त्यांनी एक संत्रं उचललं, पदराला पुसलं, सोललं, शिरासुद्धा निगुतीनं काढल्या आणि अर्धं भाऊंच्या हातावर ठेवलं. "घ्या जी, भाऊ."

फोड तोंडात जाताच भाऊंचं तोंड वाकडं झालं. मला तर हसू आवरेना! पण बाईंनी उरलेलं अर्धं स्वतः खाल्लं आणि हळूच म्हणाल्या, "कडू हाय. पन तुमाले एकट्याले काऊन खाऊ द्यावं?"

भाऊ तडक उठले. गाडीला किक मारून थेट बागेत गेले आणि उपासना संपायच्या आत झाडावरची संत्री घेऊन धापा टाकत परतले. त्यातलं सगळ्यात मोठं त्यांनी बाईंच्या हातात दिलं.

बाईंनी तेही सोललं, आणि अर्धं पुन्हा त्यांनाच दिलं.