बेलापूरचे माधवराव, गोंधळाला या

हे सदर मी नेमानं वाचते. बहुतेकांचे अनुभव अमावास्येचे, चिंचेखालचे, नाहीतर पांढऱ्या साडीतल्या बाईचे. माझा अनुभव भर दुपारचा, शाळेच्या हॉलमधला, आणि त्यात कोणी दिसत नाही... नुसतं ऐकू येतं. आधीच सांगते, मी भोळीभाबडी नाही. भिंगारला वाढले, वडील लष्करी डेपोत सिव्हिलियन क्लार्क, घरात अंगारे-धुपारे केले तर चिडायचे. सासरी आल्यावर उंबऱ्याशी कोणीतरी ठेवलेलं लिंबू उचलून त्याचं सरबत करून प्यायलेली सून आहे मी. खोटं वाटत असेल तर माझ्या नणंदेला विचारा.

साल त्र्याहत्तर. माझे मिस्टर माधवराव भंडारदऱ्याला धरणावर नोकरीला होते आणि आम्ही तिथल्या वसाहतीत राहत होतो. आदल्या वर्षीचा दुष्काळ सगळ्यांच्या अंगावर होता. यांचं गाव बेलापूर, याच धरणाच्या नदीवर बरंच खाली. तिथे माणसांनी प्यायच्या पाण्यासाठी कसले हाल सोसले ते यांनी पाहिलं होतं. त्यामुळे त्या पावसाळ्यात धरण भरलं तेव्हा वसाहतीला नुसता आनंदाचा झटका आला होता. माणसं संध्याकाळी कामं टाकून पाणी बघायला जायची! त्याच भरात ठरलं की यंदा गणपतीत दणक्यात लोकगीतांचा कार्यक्रम करायचा. यांनी बेलापूरहून ओळखीचे गोंधळी बोलावले. दगडूबुवा संबळावर, एक पुतण्या तुणतुण्यावर आणि दुसरा झांजांवर.

माझी मात्र कुरकुर होती. मला अर्धशिशीचा त्रास, त्यात सहावा महिना. जरा मोठा आवाज झाला की डोकं उठायचं. हे हसून म्हणाले, "तू मागे बस, कानात कापूस घाल. पण यायचं."

त्या दिवशी सकाळी हे सोमाच्या होडीतून पलीकडच्या वाडीला गेले. तिथलं पावसाचं मोजमाप घेऊन दुपारी कार्यक्रमाला परतायचं होतं. सोमा तिथलाच, जन्म त्या पाण्यावर गेलेला. हे गेले, आणि दुपारी धुकं उतरलं. भंडारदऱ्याचं धुकं ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. हात पुढे केला तर स्वतःच्या बांगड्या दिसत नाहीत.

"काळजी करू नका वहिनी," शेजारच्या जोशीबाई म्हणाल्या. "सोमा धुक्यात कानानं होडी हाकतो." ते खरं होतं. शाळेखालच्या धक्क्याजवळ डोंगरावरून एक धबधबा थेट पाण्यात पडायचा. धुकं असलं की सगळे होडीवाले त्याच्या आवाजाच्या रोखानं यायचे.

कार्यक्रम सुरू झाला आणि पार फज्जा उडाला. अकोल्याहून आणलेला लाउडस्पीकरचा कर्णा पावसात भिजून बंद पडलेला. संबळाचं कातडं हवेनं सादळलेलं. शेगडीवर शेकायला गेले तर कोळसाही ओला, नुसता धूर. दगडूबुवांनी काठी मारली तर आवाज आला तो उशी झोडपल्यासारखा. पोरं खिदळायला लागली. खरं सांगते, मला मनातून बरंच वाटलं... म्हटलं, चला, डोकं वाचलं.

तेवढ्यात शिपाई धावत आत आला आणि आनंदानं ओरडला, "सांडवा सोडला! सांडवा सोडला!" सगळ्या हॉलनं टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. आणि वाजवता वाजवता माझे हात थांबले.

सांडवा, म्हणजे जादा पाणी सोडायची दारं, धरणाच्या भिंतीपाशी, शाळेपासून बराच लांब. पण त्याचा गरजण्याचा आवाज धबधब्यासारखाच, उलट त्याहून मोठा. सोमा निघाला तेव्हा सांडवा बंद होता. म्हणजे आता धुक्यातून तो जो मोठा आवाज ऐकेल, त्याला धबधबा समजून होडी थेट तिकडे घालेल. आणि सांडव्याच्या ओढीत सापडलेली होडी परत येत नाही.

मी धक्क्याकडे धावले. बायका मागे. आम्ही घसा फुटेस्तोवर हाका मारल्या, कोणी थाळी बडवली. पाण्याच्या गर्जनेत काही उरत नव्हतं. धरणावरच्या मोठ्या साहेबांनी सांडवा बंद करायला माणूस पिटाळला, पण तो चिखलातून पोचणार कधी आणि ती दारं उतरणार कधी? मला अक्षरशः धरून हॉलमध्ये परत आणलं. मी दगडूबुवांपुढे हात जोडले.

"बुवा, वाजवा. जोरात वाजवा. त्यांना कळू दे शाळा कुठे आहे."

"माय, कातडं पार बसलंया," ते म्हणाले. "लई तर ह्या हालच्या भिंतीपतुर जाईल आवाज. पर वाजवतो. तू बस खाली."

गोंधळाच्या आरंभी गावोगावच्या देवदेवतांना नाव घेऊन आवतण देतात, हे तुम्हाला माहीत असेलच. बुवांनी डोळे मिटले आणि एकेका ठिकाणची देवी, एकेक देव बोलावायला सुरुवात केली. संबळ तसंच, मेल्यासारखं. मग त्यांनी जे केलं ते मी कुठल्याही गोंधळात ऐकलेलं नाही. देवांच्या रांगेत त्यांनी माझ्या नवऱ्याचं नाव घेतलं.

"बेलापूरचं माधवराव, गोंधळाला या!"

आणि संबळ वाजलं.

वाजलं म्हणजे... कसं सांगू? मी भिंगारला लष्कराच्या चांदमारीतले गोळीबाराचे आवाज ऐकत लहानाची मोठी झाले. हा त्याहून मोठा होता. खिडक्यांची तावदानं थडथडत होती. प्रसादाची ताटं टेबलावरून सरकत सरकत खाली पडली, पण ती पडल्याचाही आवाज कोणाला आला नाही. पोरांनी कान दाबले, साहेबांच्या मिसेस दाराबाहेर पळाल्या. पोटात माझं बाळ गरकन फिरलं. पुतण्यांनी घाबरून झांजा आणि तुणतुणं खाली ठेवलं. एकटं संबळ वाजत होतं, आणि मी बुवांच्या अगदी समोर बसून पाहत होते. त्यांचा हात नेहमीसारखाच पडत होता, थकलेल्या म्हाताऱ्या माणसाचा हात. माझं डोकं जराही दुखलं नाही. मी फक्त म्हणत होते, अजून, अजून.

किती वेळ गेला कोण जाणे. दारात हे उभे राहिले, नखशिखांत भिजलेले, मागे सोमा थरथरत. त्यांच्याकडे नजर जाताच बुवांचा हात थांबला. हे धापा टाकत म्हणाले, "येतोय ना बुवा! किती ओरडाल?"

मी सगळ्या वसाहतीसमोर यांच्या गळ्यात पडले. त्या काळात!

सोमानं नंतर सांगितलं ते असं. तो गर्जनेच्या रोखानं निवांत वल्हवत होता. अचानक मागून संबळ कडाडलं, इतकं की त्याला वाटलं होडीतच कोणी वाजवतंय. "मी म्हनलं साहेब, शाळा तर मागं हाय. मंग ह्यो म्होरला आवाज कशाचा?" तेवढ्यात धुकं जरा फाटलं आणि समोर धरणाची दगडी भिंत दिसली. दोघांनी मिळून जिवाच्या आकांतानं होडी वळवली आणि ते संबळाच्या मागे मागे आले.

यांचा स्वभाव चौकस. पुढच्या वर्षी त्यांनी दगडूबुवांना मुद्दाम पुन्हा बोलावलं. स्वच्छ ऊन, शेकून खणखणीत केलेलं कातडं, सांडवा बंद. बुवा शाळेत वाजवायला बसले आणि हे सोमाबरोबर बरोबर त्याच जागी होडी घेऊन गेले. काही ऐकू आलं नाही. अर्ध्या पाण्यातसुद्धा नाही. परत आल्यावर हे बुवांच्या पायाशी वाकले. बुवांनी झटकन पाय मागे घेतले.

"माझ्या पाया नका पडू, साहेब. त्या दिशी म्या कुठं वाजवलं? मी पन तुमच्यासारखा ऐकतच हुतो."

आमचे जावई फिजिक्सचे प्राध्यापक आहेत. ते सांगतात की थंड पाण्यावर, धुक्यात आवाज लांब जातो. जात असेल. पण सादळलेल्या कातड्यातून तो निघालाच कसा, म्हटलं की ते चहा मागतात.

त्या दुपारनंतर यांच्याबरोबर मला जवळजवळ पन्नास वर्षं मिळाली. भांडणं, बदल्या, दोन मुली, एक घर, यांचं घोरणं... सगळं त्यात आलं. मागच्या वर्षी हे गेले, झोपेत, स्वतःच्या अंथरुणावर. त्या दिवशी कोणी वाजवलं ते मला कळलेलं नाही आणि आता कळणारही नाही. आभार कोणाचे मानायचे तेच ठाऊक नाही, म्हणून इथे तुम्हा सगळ्यांसमोर मोठ्यानं मानते. ज्याचे असतील त्याला ऐकू जातील.