वजनकाट्यावरची आई

कवळीवाल्याला राग यायला कारण लागत नसे. राग आधी यायचा, कारण मागाहून धापा टाकत यायचं, आणि पंचाईत अशी की ते बहुतेक वेळा खरं निघायचं.

दातांच्या दवाखान्यामागं एक लांबट खोली होती. एका टोकाला खिडकी, दुसऱ्या टोकाला पाणी उकळायचं भांडं, मधे प्लास्टरच्या पांढऱ्या धुळीनं माखलेलं टेबल. त्या टेबलाशी बसून तो लोकांचे दात करायचा. पुढच्या खोलीतून डॉक्टरीणबाई तोंडाचा ठसा घेऊन पाठवायच्या. हा त्यात प्लास्टर ओतायचा, मेणाची हिरडी करायचा, तिच्यात एकेक दात रोवायचा, आणि समोर डब्याला टेकवलेल्या फोनवर एखादा चित्रपट चालू असायचा. आजूबाजूच्या चार गल्ल्यांतल्या म्हाताऱ्यांचं हसू त्याच्या हातचं होतं. त्याचं स्वतःचं हसू मात्र कोणी पाहिलेलं नव्हतं. असलंच तर कुठंतरी कपाटात ठेवलेलं असावं.

चित्रपट तरी कसले? गाणी, नाच, शेवटी सगळे एका फोटोत, असल्या गोष्टींचं त्याला वावडं. त्याला लागायचे ते लांबच्या देशांतले, ज्यांच्या भाषांची नावं घेताना आपली जीभ अडखळते असे, चार मित्रांनी पदरमोड करून काढलेले, काळेकुट्ट. आणि एवढ्यावर भागत नसे. आपण भोगलं ते दुसऱ्यानंही भोगावं, हा त्याचा हट्ट. दर शनिवारी दुपारी घरच्यांच्या ग्रुपवर त्याची शिफारस येऊन आदळायची. नमुना वाचा:

‘एक बाप समुद्रकिनाऱ्यावर गोड्या पाण्याची विहीर खणतो. दोन तास. संगीत नाही. शेवटी पाणी लागत नाही. चुकवू नये.’

किंवा: ‘एका शहरातली कुत्री एकेक करून नाहीशी होतात. कोणी विचारत नाही. मग माणसं नाहीशी होतात. तेव्हाही कोणी विचारत नाही. जेवणानंतर पाहू नये.’

संध्याकाळपर्यंत उत्तरं जमायची. बायको हात जोडल्याचं चित्र टाकायची. ते चित्रपटाला असायचं की नवऱ्याला, हे तिचं तिलाच ठाऊक. मुलगा अंगठा दाखवायचा. आणि मेव्हणा, बायकोचा धाकटा भाऊ, न चुकता लिहायचा, ‘सुन्न झालो, भावोजी.’ मेव्हण्याचं खिडक्यांच्या पडद्यांचं दुकान होतं आणि अंगानं तो असा गुबगुबीत, आनंदी, की सुन्न व्हायला त्याला जागाच कुठं होती कोण जाणे. पण दर शनिवारी व्हायचा बिचारा.

राहता राहिली सून. लग्न होऊन घरात आली तेव्हा पहिल्याच महिन्यात तिनं ग्रुपवर लिहिलं होतं, ‘मला नाही आवडला, बाबा. मधला अर्धा तास दिग्दर्शकालाच कंटाळा आल्यासारखा वाटला.’

झालं. कवळीवाल्याचं डोकं फिरलं. तिला तो काही बोलला नाही. बायकोला बोलला, पण सुनेच्या दाराशी उभा राहून, भिंतीलाही ऐकू जाईल अशा आवाजात: ‘काही लोकांनी आपले लग्नाचे अल्बम बघावेत. त्यात कंटाळा येत नाही.’ लेकी बोले सुने लागे म्हणतात. इथं तेवढाही आडपडदा नव्हता. त्या दिवसापासून सुनेनं ग्रुपवर लिहिणं सोडलं, आणि सासऱ्याशी तिचं बोलणं ‘चहा ठेवलाय’ आणि ‘किल्ली कुठं आहे’ एवढ्यावर आलं. तिची नोकरी गॅसच्या कंपनीत, तक्रारींच्या फोनवर. दिवसभर परक्यांच्या शिव्या ऐकून ‘आणखी काही मदत करू का’ असं विचारायचं. घरच्या एका म्हाताऱ्याच्या गुरगुरण्यानं ती घाबरणारी नव्हती. ती गप्प होती, एवढंच.

तर एकदा मेव्हणा बैठकीच्या खोलीच्या पडद्यांचं माप घ्यायला आला. स्टुलावर चढून टेप धरून उभा होता आणि तोंड मोकळं होतं, म्हणून भावोजींना खूश करायला म्हणाला, ‘परवाचा तो विहिरीचा चित्रपट काय हो, भावोजी. काय ते रंग. तो निळा समुद्र तर अजून डोळ्यांसमोरून हलत नाही.’

‘निळा,’ कवळीवाला म्हणाला.

‘म्हणजे अगदी गडद निळा. असं कापड आमच्याकडे येतं, पण ती झाक नाही.’

चित्रपट कृष्णधवल होता. पहिल्या चौकटीपासून शेवटच्या चौकटीपर्यंत त्यात निळ्याचा ठिपका नव्हता.

कवळीवाल्यानं स्टूल ओढलं नाही, ही त्याची त्या दिवसाची माणुसकी. पण आतून तो पेटला. एक चित्रपट नाही, दहा नाही, इतक्या वर्षांचे सगळे शनिवार! सुन्न झालो, सुन्न झालो! मग बायको? मग मुलगा? दवाखान्यात तो दातओठ खात काम करत बसला आणि त्याचा परिणाम दुसऱ्याच्या दातांवर झाला. डॉक्टरीणबाई एक कवळी परत घेऊन आल्या.

‘काका, आजी म्हणतात, वरचे दात खालच्यांशी भांडतायत.’

‘मग त्यांना म्हणावं, भांडू द्यात. निदान एकमेकांकडे बघतायत तरी.’

‘घरी काही झालंय का?’

‘तुम्ही विहिरीचा पाहिलात?’

‘बघणारच आहे, काका,’ म्हणत बाई जेवढ्या झटकन पुढच्या खोलीत गेल्या, तेवढ्या झटकन कधी दुखऱ्या दाढेलाही गेल्या नसतील.

मग त्यानं ठरवलं. चोर पकडायचा तर रंगेहाथ. आणि खोटे दात करण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला एक खोटा चित्रपट करायला कितीसा वेळ लागणार? मेण तापवता तापवता त्यानं तो रचला. पुढच्या शनिवारी शिफारस पडली:

‘वजनकाट्यावरची आई. बर्फातल्या गावचा कत्तलखाना. तिथं जनावरांचं वजन लिहिणारा एक मुलगा. दर आठवड्याला तो आपल्या म्हाताऱ्या आईलाही काट्यावर उभी करतो. दर आठवड्याला ती थोडी कमी भरते. तो तिला सांगत नाही. शेवट इथं सांगत नाही. ज्यानं पाहिला नाही तो माणूस नव्हे.’

असा चित्रपट कुठल्याही देशात कोणी काढलेला नव्हता. तरी रविवार उजाडायच्या आत मेव्हणा सुन्न झाला. बायकोनं हात जोडले. मुलानं अंगठ्याच्या जोडीला एक रडका चेहराही टाकला, म्हणजे बापाला वाटावं, पोरगं यावेळी खरंच हललं. सुनेनं नेहमीसारखं काही लिहिलं नाही.

कवळीवाल्यानं आणखी दोन आठवडे जाऊ दिले. मग मेव्हण्याला रविवारी जेवायला बोलावलं. स्वतः! बायको चक्रावली. लग्न झाल्यापासून आपल्या भावाला नवऱ्यानं आपणहून बोलावल्याचं तिला आठवत नव्हतं. तिनं चांगली भांडी काढली. बकऱ्याला हार घालतात ते कशासाठी, हे तिच्या ध्यानात यायला हवं होतं.

ताटं वाढली. पहिले चार घास शांततेत गेले. मग कवळीवाला मधाळ आवाजात, जो त्याला अजिबात शोभत नव्हता, म्हणाला, ‘तो काट्याचा चित्रपट. त्याचा शेवट तुम्हा सगळ्यांना कसा वाटला?’

मेव्हणा घास गिळून म्हणाला, ‘जबरदस्त. ती जी निघून जाते ना भावोजी, बर्फातून, पाठमोरी…’

‘निघून जाते.’

‘म्हणजे, हळूहळू जाते.’

‘अगं, आणि तुला?’

बायको वाटी पुसत बसली. ‘मला बाई त्या मुलाचीच दया आली. कसा रडतो.’

‘ओपन एंडिंग आहे,’ मुलगा म्हणाला. त्याला वाटलं, हे कशालाही चालतं.

कवळीवाल्यानं पाण्याचा पेला खाली ठेवला. आता तो क्षण आला होता. जिभेवर शब्द रचून ठेवले होते, एकेक धारदार. फक्त एक माणूस उरला होता, आणि हिशेब पुरा व्हावा म्हणून त्यानं सुनेकडे मान वळवली. ‘आणि तुम्ही? का तुम्हाला यातही कंटाळा आला?’

‘मी नाही पाहिला,’ ती म्हणाली.

मेव्हणा समजुतीनं हसला. ‘अगं, बघ की. हलतं माणूस.’

‘सापडलाच नाही, मामा. रोज जेवणाच्या सुट्टीत शोधला. बाबांचे बाकीचे जिथं मिळतात तिथं सगळीकडे. ऑफिसातल्या एकीचा भाऊ तिकडं थंडीच्या देशात असतो, त्यालाही विचारायला लावलं. त्यानं तिथल्या चित्रपटांच्या संग्रहालयात विचारलं.’ तिनं सासऱ्याकडे सरळ पाहिलं. ‘ते म्हणाले, असा चित्रपटच नाही.’



‘नाहीच आहे,’ कवळीवाला म्हणाला. ‘मी रचला. ह्यांना पकडायला.’

आता न्यायानं पाहिलं तर तीन जणांनी खाली माना घालायच्या. पण चोराच्या उलट्या बोंबा ही म्हण उगीच नाही पडली. मेव्हणाच आधी उसळला. ‘म्हणजे जेवायला बोलावून परीक्षा? मी पाहुणा आहे, भावोजी.’

‘तू पाहुणा नाहीस, तू थापाड्या आहेस. समुद्र निळा!’

‘समुद्र निळाच असतो!’

‘अहो, काय मिळवलंत?’ बायकोचा आवाज चढला. ‘इतकी वर्षं तुमच्या त्या मेलेल्या माणसांना हात जोडले, ते तुमचं मन राखायला. ते काय पाप झालं?’

‘बाबा, हे फार आहे,’ मुलगा म्हणाला, आणि संतापलेल्या माणसाला शोभेलशा घाईनं त्यानं आपलं ताट उचललं. मामा त्याच्या मागं गेला, बायको भावाच्या मागं. पलीकडच्या खोलीत टीव्ही लागला. कुठल्याशा विनोदी मालिकेतली माणसं एकदम खदाखदा हसली.

टेबलाशी दोघंच उरली.

कवळीवाल्याला वाटलं, ही तरी आता आपल्या बाजूची. खटल्यात जिंकलेला माणूस साक्षीदाराकडे बघतो तसं त्यानं तिच्याकडे पाहिलं. ‘बघितलंस? एक नंबरचे खोटारडे. तुझ्याशी खोटं बोलायचं माझ्या मनात नव्हतं.’

‘मग कोणाशी बोलायचं होतं?’

‘ह्यांच्याशी.’

‘ते तर बघतच नव्हते, बाबा.’ ती ओरडली नाही. तक्रारींच्या फोनवर वापरायचा तो सपाट आवाज तिनं लावला, आणि तो ओरडण्यापेक्षा वाईट होता. ‘त्यांना तुमचा खोटा काय आणि खरा काय, सारखाच. तुमचं खोटं लागलं ते मला एकटीला. दोन आठवडे जेवणाचा डबा तसाच परत आणला. परक्या माणसाला कामाला लावलं. तो हसला असेल मला.’

कवळीवाला चिडला. ‘मग आधी बोलायचं होतंस! मला काय स्वप्न पडतं, तू बघतेस ते?’

‘बोलले होते एकदा. तुम्ही मला लग्नाचे अल्बम बघायला सांगितलेत.’

‘तू म्हणालीस कंटाळा आला.’

‘तो आलाच होता. त्यात आजही बदल नाही. आणि विहिरीचाही सांगते, बापाच्या हाताला शेवटी फोड दाखवलेत ते नको होते. दोन तास खणतोय, आम्हाला कळत नाही का हात फुटलेत ते?’

‘ते फोडच तर चित्रपट आहे!’

‘फोड म्हणजे प्रेक्षक मठ्ठ आहे असं धरून चालणं.’

त्याचे कान लाल झाले. आयुष्यात कोणी त्याच्याशी फोडांबद्दल भांडलं नव्हतं. ‘कुत्र्यांचा?’

‘तो दोनदा पाहिला. तो चांगला आहे. पण तुम्ही शिफारशीत लिहिलंत की माणसं नाहीशी झाली तेव्हा कोणी विचारत नाही. विचारते. ती पाववाली विचारते. तुम्ही नीट पाहिला नाहीत.’

हे मात्र असह्य होतं, कारण पाववाली खरंच विचारते. कवळीवाल्यानं ताट पुढं ढकललं, उठला, दारापर्यंत गेला. पलीकडं मेव्हणा त्या मालिकेतल्या माणसांबरोबर हसत होता. इथून बाहेर पडलं की तिकडं जाऊन बसायचं, एवढीच सोय होती. तो दारातच उभा राहिला.

‘जाऊ नका,’ सून म्हणाली. ‘आधी काट्याचा शेवट सांगा. दोन आठवडे मी त्याच्या मागं आहे. माझं तेवढं देणं लागता तुम्ही.’

‘शेवट काय,’ तो तिच्याकडे पाठ ठेवून म्हणाला. ‘आई इतकी हलकी होते की सुई हलतच नाही. तो शून्य लिहितो आणि पुढच्या जनावराला आत घेतो.’

‘चूक.’

तो गर्रकन वळला. ‘माझा चित्रपट आहे!’

‘असला तरी चूक. तो शून्य लिहिणार नाही. दर आठवड्याला तिला काट्यावर चढवणारा मुलगा तो. तो मागच्या आठवड्याचंच वजन लिहील. आणि ते तिला मोठ्यानं वाचून दाखवेल.’

‘म्हणजे खोटं?’

‘हो. आणि तिला ते कळेल. आणि ती काही बोलणार नाही.’

तिचा शेवट कवळीवाल्याच्या शेवटापेक्षा चांगला होता, आणि हे त्याला ज्या क्षणी कळलं त्या क्षणी तो मेव्हण्यावर चिडला नव्हता इतका चिडला.

‘हे माझ्या चित्रपटात चालणार नाही.’

‘मग तुमचा चित्रपट मी बघणार नाही.’

‘बघायला तो आहे कुठं?’

‘तेच तर म्हणतेय मी मघापासून.’

‘अहो, हळू,’ पलीकडून बायको ओरडली. ‘शेजारी काय म्हणतील?’

‘त्यांनाही बोलाव!’ त्यानं आरोळी ठोकली, खुर्ची सरर्कन ओढली आणि सुनेच्या समोर बसला. प्लास्टरनं पांढरं पडलेलं नख टेबलावर आपटून म्हणाला, ‘तू शेवट घेऊन बसलीस, तुला सुरुवातच माहीत नाही. पहिल्यापासून सांगतो. गप्प बसून ऐकायचं. मधे एक शब्द बोलायचा नाही.’

‘बरं.’

‘कत्तलखाना आहे. बाहेर बर्फ पडतोय.’

‘बर्फ नको,’ सून म्हणाली.