नवऱ्याच्या पाठीचा फोटो

गेल्या मंगळवारी शाळेतून घरी आले आणि ह्यांचा फोन वाजला. हे अंघोळीला गेले होते म्हणून मी उचलला. पलीकडून एक बाई शांतपणे म्हणाल्या, "दिगंबररावांचे तरुणपणीचे फोटो आहेत माझ्याकडे. प्रदर्शनात लावायचेत. त्यातल्या एकात अंगावर कपडे नाहीत, म्हणून परवानगी हवी होती."

मी कोण बोलतेय हेही सांगायचं विसरले...

ह्यांना ओळखणाऱ्यांनी कृपया हसू नये. हे बासष्ट वर्षांचे, कचेरीतून रिटायर झालेले. शुगर आहे, गुडघे दुखतात, पाहुणे आले की आधी शर्ट शोधतात. लग्नाला तीस वर्षं झाली. ह्यांचा असा फोटो जगात आहे आणि तो एका बाईकडे आहे, हे मला मंगळवारी कळलं.

हे बाहेर आल्यावर मी एवढंच म्हणाले, "पिंगळीच्या कुणी सुहासिनी आहेत, त्यांचा फोन होता." हे टॉवेल हातात धरून तसेच उभे राहिले. मग म्हणाले, "स्टुडिओवाल्या अण्णांची पोरगी असंल."

मग थोडं थोडं बाहेर आलं. चोविशीत हे परभणीत तालमीत जायचे. जवळच अण्णांचा फोटो स्टुडिओ होता. लग्नाचे आणि पासपोर्टचे फोटो काढून अण्णा पोट भरायचे, पण त्यांचा जीव होता शरीराच्या फोटोंमध्ये. रविवारी तालमीतल्या एकेकाला बोलवायचे, अंगाला तेल चोळायला लावायचे आणि खिडकीच्या उजेडात उभं करायचे.

तीस वर्षांत यातलं एक अक्षर मला माहीत नव्हतं.

गुरुवारी आम्ही स्कूटीवरून पिंगळीला गेलो. मी नवी साडी नेसले होते... कशासाठी ते विचारू नका.

सुहासिनीताई साठीच्या. बारीक कापलेले पांढरे केस, जाड चष्मा. त्यांनी टेबलावर एकेक फोटो मांडला. आधी लंगोटावरचे, दंड फुगवलेले, छाती पुढे काढलेले. ते बघून मला हसू आलं. मग त्यांनी शेवटचा ठेवला.

पाठमोरा फोटो. दोन्ही हातांनी खिडकीचे गज धरलेत, तोंड बाहेर वळलेलं, मानेपासून टाचेपर्यंत अंगावर फक्त उजेड. खांदे रुंद, आणि दोन्ही खांद्यांमधून कमरेपर्यंत उतरत गेलेली एक खोल रेघ. त्यात ओंगळ असं काहीच नव्हतं. फार सुंदर होता तो माणूस... आणि मी त्याला ओळखत नव्हते.

"या पाठीवर मी दहा दिवस काम केलंय," सुहासिनीताई म्हणाल्या. तेव्हा कॉम्प्युटर नव्हते. निगेटिव्हवर बारीक पेन्सिलनं ठिपका ठिपका भरून डाग घालवायचे, ते काम त्या करायच्या. "मी बावीस वर्षांची होते. यांना समोरून एकदाच पाहिलं असेल. पण ही पाठ मला आजही डोळे मिटून काढता येईल."

इतक्या साधेपणानं बोलल्या की रागावताही येईना. माझा मात्र नुसता जळफळाट झाला. दहा दिवस! मी तीस वर्षांत ह्यांच्या पाठीकडे सलग दहा मिनिटं तरी पाहिलंय का? जे बघण्यासारखं होतं ते हिनं बघून घेतलं आणि माझ्या वाट्याला आलं शुगरचं पथ्य.

मग माझ्या लक्षात आलं. मी अगदी वर्गातल्या आवाजात विचारलं, "डाव्या खांद्याखालचा भाजल्याचा डाग कुठाय?"

त्या जरा चपापल्या. "तो मीच घालवला. अण्णांना पाठ स्वच्छ पाहिजे होती."

"लहानपणी बंबाचं पाणी सांडलं होतं. थंडीत अजून ओढतो तो डाग. मी तेल लावते."

मी जिंकले होते... असं मला वाटलं. सुहासिनीताईंनी निगेटिव्ह काढली, टर्पेंटाइनमध्ये कापूस बुडवला आणि माझ्याकडे पाहिलं. "पेन्सिलच आहे. पुसू?"

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे म्हणाले, "तिला इचारा." मी म्हणाले, पुसा.

परत येताना रेल्वेचं फाटक लागलं. गाडी यायची होती. स्कूटी बंद करून मी विचारलं, "मला का नाही सांगितलं कधी?"

ह्यांनी नजर रुळांकडे वळवली. मग म्हणाले, "काय सांगायचं? आपलं लग्न झालं तवा तालीम सुटून सहा वर्षं झाली होती. फोटो दाखवला असता तर तू म्हणली असतीस, हा कुठं गेला..."

मी दोन दिवस एका बाईवर जळत होते. हे मात्र तीस वर्षं त्या चोवीस वर्षांच्या पोरावर जळत होते, एकटेच, कुणाला न सांगता. गाडी गेली, फाटक उघडलं, तरी आम्ही थोडा वेळ तिथंच उभे होतो.

परवानगी दिली. रविवारी अण्णांच्या फोटोंचं प्रदर्शन झालं. माझ्या शाळेतल्या दोघी डागासकट नव्यानं छापलेल्या त्या फोटोसमोर जरा जास्तच वेळ उभ्या होत्या. मला अभिमान वाटला असं लिहायला हवं, पण खरं सांगते, नाही वाटला. मी मध्ये जाऊन उभी राहिले.

छप्पनाव्या वर्षी नवऱ्यावरून इतकं जळता येतं हे मला माहीत नव्हतं. लाज वाटते, आणि आतून बरंही वाटतं... सुहासिनीताई, त्या दिवशी आभार मानायचे राहिले, ते इथं मनापासून मानते. निगेटिव्ह मात्र मी मागून आणली आहे, आणि ती परत द्यायचा माझा विचार नाही.